आईच्या वाकळीसाठी हक्काची जागा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मधल्या खोलीतील खिडकीचा विषय निघाला आणि बोलणे अर्धवट राहिले, म्हणून मनात आहे ते सविस्तर लिहून कळवत आहे. आई, वाकळ शिवण्यासाठी घरात तुझी एक कायमची जागा असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तू सोप्यात जुनी लुगडी एकावर एक अंथरतेस, कडेने टाके घालत आत सरकत जातेस आणि कोणी पाहुणे आले की सगळे गोळा करून बाजूला ठेवतेस. एकदा उचलले की थर सरकतात, अस्तराला चुण्या पडतात आणि पुन्हा टाचण्यातच दुपार संपते. शिवाय जमिनीवर वाकून बसणे तुझ्या गुडघ्यांना आता सोसत नाही. मी पांघरतो त्या वाकळीत आजीच्या हिरव्या इरकली लुगड्याचा काठ मधोमध आहे, आणि त्याभोवतीचा धावदोरा इतका एकसारखा आहे की कापडावर बारीक लाटा उठल्या आहेत. असे काम करणाऱ्या हातांना रोज पसारा आवरावा लागू नये.

उत्तरेकडची ती खिडकी मला सर्वांत योग्य वाटते. तिथे वर्षातील बराच काळ थेट ऊन येत नाही, त्यामुळे जुन्या सुती कापडाचा रंग टिकतो आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्या भागात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला झुकतो आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपी उन्हे आत येतात. तेवढ्यापुरता मांजरपाटाचा पातळ पडदा पुरेल. खिडकी तुझ्या डाव्या हाताला येईल असे टेबल मांडावे, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडणार नाही. संध्याकाळसाठी वाकवता येणाऱ्या मानेचा दिवा मी घेऊन येईन. त्यातील बल्ब ४००० केल्विनचा, म्हणजे फार पिवळा किंवा निळसर नसलेल्या पांढऱ्या उजेडाचा, आणि ९० पेक्षा जास्त सीआरआयचा, म्हणजे रंग जसेच्या तसे दाखवणारा हवा, कारण पिवळ्या उजेडात काळा, तपकिरी आणि गर्द जांभळा दोरा एकसारखाच दिसतो. वाढत्या वयात डोळ्यांना मुळातच अधिक उजेड लागतो, त्यामुळे या एका वस्तूत काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेबलाचा मी पुष्कळ विचार केला. मूळ टेबल चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद असावे, आणि समोरच्या कडेला बिजागरीवर उघडणारी एक फळी असावी. शिवताना वाकळीचा उरलेला भाग खाली लोंबला की त्याच्या वजनाने टाका ओढला जातो. तो भार फळीवर राहिला म्हणजे हात मोकळा चालेल, आणि काम नसताना फळी खाली सोडली की येण्याजाण्याची वाट अडणार नाही. वरती सनमायका लावू नये, कारण त्यावर सुती कापड घसरते. त्याऐवजी जाड सतरंजी ताणून बसवावी. तिच्यावर थर जागचे हलत नाहीत. खुर्ची बिनहातांची असावी आणि पायाखाली आपला जुना पाट ठेवावा.

लुगड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालू नयेत, त्यांच्या वासाने बाबांना त्रास होतो. पावसाळ्यापूर्वी कापडे उन्हात वाळवून, पूर्ण सुकलेला कडुनिंबाचा पाला घालून, सुती कापडात बांधून ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. सुया आणि दाभण मात्र घट्ट झाकणाच्या डबीत राहू देत, नाहीतर गंजतात.

बाबा, दोन कामे तुमच्यावर सोपवतो. खिडकीखालच्या भिंतीची लांबी आणि तिथून विजेच्या बटणापर्यंतचे अंतर मोजून कळवावे. त्याचप्रमाणे आईला खुर्चीवर ताठ बसवून, हात कोपरात दुमडायला सांगून, कोपरापासून जमिनीपर्यंतचे माप घ्यावे. टेबलाची उंची त्यावरूनच ठरवायची आहे, बाजारातल्या तयार मापावरून नाही. मापे कळली की मी सुताराशी बोलून घेईन. खर्च माझ्याकडे राहील आणि त्याविषयी कृपया वाद घालू नये.

तुमचा,
बाळ