आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: ऑपरेशनच्या आधीचे हेलपाटे थांबवा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

माझे वडील मंगळवेढ्यात हमाली करतात. ज्वारीची पोती उचलता उचलता हर्निया झाला. सोलापूरच्या एका रुग्णालयात "सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी" म्हणाले तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. पण त्या एका दिवसासाठी आधी चार वेळा एसटीने सोलापूर गाठावं लागलं. रक्त-लघवी एका दिवशी, ईसीजी दुसऱ्या, ऑपरेशन झेपेल असा फिजिशियनचा फिटनेस दाखला तिसऱ्या. भूलतज्ज्ञ भेटले चौथ्या खेपेला. चार दिवसांची मजुरी गेली.

"रात्री बारानंतर काही घ्यायचं नाही," एवढंच सांगितलेलं. वडिलांनी ते इतकं पाळलं की बीपीची गोळीही घेतली नाही. सकाळी सातपासून ते बाकावर बसून होते. ओठ कोरडे पडले, तेव्हा मी रुमालाचं टोक ओलं करून फिरवत होते, तेही थेंब आत जाईल म्हणून भीत भीत. दुपारी दीडला नंबर आला आणि बीपी वाढलेलं निघालं. ऑपरेशन पुढे गेलं. डॉक्टरांचं बरोबरच होतं. पण गोळीचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं.

नंतर कळलं, हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. बीपीच्या बऱ्याच गोळ्या त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. मधुमेहाच्या गोळ्यांचं गणित वेगळं. पुढच्या तारखेला एका सिस्टरनी आपणहून केसपेपरच्या मागे लिहून दिलं, 'बीपीची गोळी पहाटे पाचला, दोन घोट पाणी.' त्या दिवशी ऑपरेशन झालं. रात्री वडील घरी बसून पेज प्यायले.

महोदय, त्या दोन ओळी सिस्टरच्या चांगुलपणावर सोडू नका. सगळ्या तपासण्या आणि भूलतज्ज्ञांची भेट एकाच दिवशी, एकाच ठिकाणी होऊ द्या. ज्याच्या प्रकृतीला जी तपासणी लागत नाही, ती सरसकट लिहू नये. काय खायचं, कुठली गोळी घ्यायची, हे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दूत छापलेल्या चिठ्ठीवर भरून द्या. सोलापुरात या चारही भाषा बोलणारे पेशंट येतात. आदल्या संध्याकाळी एक फोन करा. आणि दुपारी ज्याचा नंबर आहे त्याला सकाळी सातला बोलावू नका.

आपली विश्वासू,
एका हमालाची मुलगी
मंगळवेढा, जि. सोलापूर