हेडफोन लावला तरी ठोका खाली जातोच

संपादक महोदय,

मुंबईच्या सोसायट्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक ड्रमवरून जी भांडणे होतात, त्यांत बहुधा दोन्ही बाजू खरे बोलत असतात. खालचे कुटुंब म्हणते, रोज संध्याकाळी डोक्यावर ठोके पडतात. वरचे म्हणतात, आमचा मुलगा हेडफोन लावूनच वाजवतो. हेडफोनने बंद होतो तो मॉड्यूलमधला, म्हणजे पॅडवरच्या आघातातून ड्रमचा आवाज तयार करणाऱ्या डब्यातला आवाज. पायाने वाजवायच्या किक पेडलचा बीटर (छोटा हातोडा) पॅडवर आदळतो तो धक्का मात्र स्टँडच्या पायांतून लादीत आणि लादीतून स्लॅबमध्ये उतरतो. आपल्याकडे लादी थेट सिमेंटच्या थरावर बसवलेली असते, मध्ये मऊ असे काही नसते. व्हॉल्यूमचे बटण शून्यावर आणले तरी या धक्क्यात काडीचा फरक पडत नाही. म्हणून सोसायटीने ‘आवाज कमी करा’ अशी नोटीस देण्याआधी नेमका कुठला आवाज, हे ठरवावे.

ते ठरवणे सोपे आहे. एकाने खालच्या घरात बसावे, फोन चालू ठेवावा. वर आधी फक्त पेडल वाजवावे, मग फक्त हातांनी पॅड, मग हाय-हॅटचे (जोडझांजेचे) पेडल. बहुतेक घरांत पहिल्याच पायरीला उत्तर मिळते. मोबाइलवरचे डेसिबल अ‍ॅप इथे फसवते. निवासी भागासाठी 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण ही मोजणी ‘ए’ भाराने, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे स्वर कमी धरून, होते आणि त्या भारात 63 हर्ट्झचा खर्ज सुमारे 26 डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे आकडा मर्यादेत दिसतो आणि आजींची दुपारची झोप तरीही मोडते. आकडा दाखवून तक्रार उडवून लावणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे.

यावर खरा उपाय म्हणजे तरंगता प्लॅटफॉर्म, म्हणजे दबणाऱ्या आधारावर ठेवलेली आणि सगळे किट पेलणारी फळी. जाड गालिचा किंवा जिमची रबरी मॅट पुरेल असे अनेकांना वाटते. त्याने स्टँड घसरत नाही आणि लादीवर चरे पडत नाहीत, पण खर्जाचा धक्का फारसा अडत नाही, कारण मॅट वजनाखाली जेमतेम दबते. आधार जितका दबेल तितकी त्याची स्वतःची कंपनगती (सेकंदाला किती कंपने, म्हणजे हर्ट्झ) खाली येते: आधार किती मिलिमीटर दबतो त्या आकड्याच्या वर्गमुळाने 16 ला भागले की ती साधारण हर्ट्झमध्ये मिळते. 4 मिमी दबला तर 8 हर्ट्झ. धक्क्याची कंपने याच्या दीडपटीहून वर असतील तरच ती अडू लागतात, आणि जितकी वर तितकी चांगली अडतात.

टेनिसचे चेंडू हे काम स्वस्तात करतात. 8 × 4 फुटांच्या प्लायमधून 5 × 4 ची फळी कापून घ्यावी. खाली 12 मिमी, वर 18 मिमी. दोन्ही फळ्यांच्या आतल्या अंगाला इंचभर जाडीचा फोम चिकटवून त्यात चेंडू बसतील अशी भोके पाडावीत. फोम फक्त चेंडू जागेवर धरण्यासाठी आहे, वजन चेंडूंनीच पेलले पाहिजे. कडेपासून 6 इंच आत आणि एकमेकांपासून फूटभर अंतरावर 20 चेंडू बसतात. वाजवणाऱ्याच्या स्टुलाखाली आणि पेडलखाली आणखी दोन-दोन द्यावेत. वाजवणारा, किट आणि वरची फळी मिळून 115 किलोच्या आसपास भार धरला तर एका चेंडूवर पाचेक किलो येतात आणि तो हिशेबाने 4 मिमीच्या आसपास दबतो. जास्त मजबुतीसाठी 50 चेंडू भरले की आधार ताठ होतो आणि धक्का पुन्हा खाली जाऊ लागतो. स्टूलही याच फळीवर हवे. फळी भिंतीला किंवा स्कर्टिंगला कुठेही टेकू देऊ नये. एक कोपरा टेकला तरी तिथून धक्का जातो. धोबी तलावला वाद्यांच्या आणि खेळाच्या सामानाच्या दुकानांत फार अंतर नाही, तेव्हा किटबरोबरच चेंडू आणता येतील.

आता मॉड्यूल. पॅडवर जोरात मारले जाते याचे कारण अनेकदा सेटिंगमध्ये असते. सेन्सिटिव्हिटी (पॅड आघात किती सहज टिपतो ते) कमी असली की हलका आघात ऐकूच येत नाही, मग हात आपोआप जड होतो आणि खोलीत रबरावरच्या टकटकीचा आवाज वाढतो. लोक त्यावर त्या पॅडचा व्हॉल्यूम वाढवतात. त्याने आघात मोठा ऐकू येतो, पण हलका आणि जोराचा यांतला फरक परत येत नाही. योग्य क्रम असा: आधी सगळे व्हॉल्यूम मध्यावर ठेवावेत. एका पॅडवर आपल्या नेहमीच्या सर्वांत जोराच्या हाताने मारावे आणि स्क्रीनवरचा, आघाताचा जोर दाखवणारा ट्रिगरचा पट्टा जेमतेम कमाल पातळीला पोचेल इतकी सेन्सिटिव्हिटी लावावी. मग थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याहून हलका आघात मॉड्यूल सोडून देते ती पातळी, कमी करत आणावा. न मारता पॅड वाजू लागला की एक-दोन पायऱ्या वर न्यावा. थ्रेशोल्ड उंच राहिला तर स्नेअर ड्रमवरचे बारीक घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके) गळतात. एका आघाताला दोन आवाज आले तर आधी मेश हेड (पॅडवरचा जाळीचा पडदा) सैल नाही ना ते पाहावे आणि मगच रीट्रिगर कॅन्सल (दुहेरी ठोका गाळणारी सेटिंग) वाढवावे, कारण ते फार वाढवले की जलद रोल (लागोपाठचे ठोके) गिळला जातो. किक मारल्यावर टॉमचा पॅड वाजत असेल तर तो क्रॉसटॉक, म्हणजे एका पॅडच्या धक्क्याने दुसरा वाजणे. पॅड धरणाऱ्या रॅकचे क्लॅम्प आवळून मग टॉमच्या पॅडचे क्रॉसटॉक कॅन्सल एकेक पायरीने चढवावे. प्लॅटफॉर्म नवा बसवल्यावर ही तपासणी पुन्हा करावीच लागते, कारण फळी हलकीशी डोलते. हे सगळे जमल्यावर शेवटी किक, स्नेअर, सिंबल यांचा आपसातला तोल व्हॉल्यूमने साधावा.

हवेतून जाणारी टकटक कमी करायची तर रबरी पॅडऐवजी मेश हेड आणि 5बी मापाच्या काठीऐवजी 7एची हलकी काठी, एवढ्यानेही फरक पडतो. हेडफोन बंद कपांचा आणि 32 ओहमच्या (विद्युतरोधाचे माप) आसपासचा घ्यावा. 250 ओहमचा लावला की आवाज कमी पडतो आणि बटण टोकाला जाते. ब्लूटूथ नको, त्यात आघात आणि आवाज यांत जाणवण्याइतके अंतर पडते. कानाचा हिशेब पालकांनी जरूर ध्यानात ठेवावा: कानाला दिवसाला सोसेल तो वेळ 85 डेसिबलला 8 तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे 94 ला 1 तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटे.

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत जिथे जमीन लाकडी तुळयांवर आहे, तिथे चेंडूंचा प्लॅटफॉर्म पुरेसा उपयोगी पडत नाही. जमीन स्वतःच लवचीक असल्याने ती फळीसकट हलते. अशा घरात बीटर नसलेले पेडल घ्यावे. ते आपल्या मॉड्यूलशी जुळते का, हे दुकानातच जोडून पाहावे आणि घरी आल्यावर किकची सेन्सिटिव्हिटी व थ्रेशोल्ड नव्याने लावावे.

– एक वाचक, दादर, मुंबई