भाषा आपोआप ‘लुप्त’ होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक मातृभाषा दिन जवळ आला की धोक्यातल्या भाषांच्या बातम्या येतात आणि बहुतेकींत एकच क्रियापद असतं : ‘लुप्त झाली’. विहीर आटावी, झाड वठावं, तसं. कोणी काही केलंच नाही!

कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्येला, स्कीना आणि नास नद्यांच्या खोऱ्यांत आणि लगतच्या किनाऱ्यावर त्सिमशियन कुळातल्या चार भाषा नांदत होत्या. त्यांतली दक्षिणेकडची २०१३ मध्ये क्लेमटू गावातल्या एका आजींबरोबर गेली. उरल्या स्माल्ग्याक्स, निस्गा आणि गित्क्सान. स्माल्ग्याक्स अस्खलित बोलणारे शंभरही उरलेले नाहीत. या भाषेत माणसं मोजायचे आकडे वेगळे, होड्यांचे वेगळे, लांब वस्तूंचे वेगळे, गोल वस्तूंचे वेगळे. आपणही पोती ‘तीन’ म्हणतो, पण माणसं ‘तिघं’. हे वाचलं आणि ती दूरची भाषा मला एकदम ओळखीची वाटली.

पण तिच्यावर ही वेळ का आली? कुळाची नावं, हक्क आणि इतिहास सगळ्यांसमोर उच्चारायचा सोहळा म्हणजे पॉटलॅच. १८८५ ते १९५१ तो कायद्यानेच बंद होता. मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातलं, तिथे घरची भाषा तोंडातून निघाली की मार. ही मुलं पुढे स्वतःच्या लेकरांशी इंग्रजीतच बोलली. आपण सोसलं ते त्यांच्या वाट्याला नको म्हणून.

गित्क्सान लोकांनी आपल्या जमिनीच्या हक्कासाठी लढलेल्या डेलगामूक्व खटल्यात त्यांच्यातल्याच आजी मेरी जॉन्सन यांनी साक्षीत कुळाचं शोकगीत म्हटलं. मला ते गाऊन दाखवून उपयोग नाही, असं न्यायमूर्तींनी सुनावलं. १९९१ मध्ये दावा फेटाळला गेला. पण १९९७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा मौखिक इतिहास पुरावा म्हणून धरलाच पाहिजे, असं सांगून खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. ज्या बोलीला शाळेत मार होता, तिच्यातली आठवण न्यायालयात पुरावा ठरली!

म्हणून विनंती, अशा भाषांबद्दल ‘लुप्त झाली’ऐवजी ‘बोलू दिली नाही’ असं छापावं. निस्गांच्या शाळांत आज मुलं आपली भाषा शिकताहेत, त्या वर्गांचीही बातमी यावी.

– एक निवृत्त भाषाशिक्षिका, सातारा