गाठ काढली, पण ठेवली कशात?

मा. संपादक,

स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टवर 'हर-टू' असा शब्द असतो. हे प्रथिन निरोगी पेशीवरही असते. वाढीचा निरोप आत पोचवणे हे त्याचे काम. त्याच्या जनुकाच्या निरोगी पेशीत दोनच प्रती असतात. साधारण 15 ते 20 टक्के स्तनकर्करोगांत त्या बेसुमार वाढतात, पेशीवर हर-टूची दाटी होते आणि बाहेरून निरोप नसतानाही पेशी वाढत सुटते.  

हर-टूवर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध 1998 पासून आहे. ते द्यायचे की नाही, हे मात्र चाचणी ठरवते, आणि घोटाळा चाचणीच्या आधीच होतो.

तालुक्याला काढलेली गाठ सलाइनच्या बाटलीत घालून संभाजीनगरला किंवा लातूरला धाडली, तर मे महिन्याच्या उन्हात ती वाटेतच सडू लागते. गाठ काढल्यावर तासाभरात 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (गाठ सडू न देणाऱ्या द्रवात) जायला हवी: 100 मिली फॉर्मॅलिन, 900 मिली पाणी आणि बफरचे क्षार. द्रव गाठीच्या दहापट. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते, म्हणून मोठ्या गाठीला आधी काप द्यावेत. नाहीतर वरून घट्ट आणि आत लगदा. बरणी रुंद तोंडाचीच घ्यावी. अरुंद तोंडातून मऊ गाठ आत जाते, कडक झाल्यावर बाहेर येत नाही! फॉर्मॅलिनमध्ये किमान 6 तास, जास्तीत जास्त 72. बरणीवर गाठ काढल्याची आणि द्रवात टाकल्याची, दोन्ही वेळा लिहाव्यात.

चूक पकडायची खूण गाठीचा पातळ काप रंगवून तपासतात त्या काचपट्टीवरच असते. गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिकांच्या काही पेशींत ईआरचा (इस्ट्रोजेन संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाचा) तपकिरी रंग उमटायलाच हवा. त्याही कोऱ्या असतील तर 'ईआर निगेटिव्ह' मानू नये. उलट त्या नलिका हर-टूला गडद रंगल्या, तर तो रिपोर्टही बाजूला ठेवावा. हर-टू 2+ (रंगाची मधली, अनिर्णित पायरी) आले तर फिश चाचणी (जनुकाच्या प्रती मोजणारी) करावीच लागते. ते 'पॉझिटिव्ह' नव्हे, 'निगेटिव्ह'ही नव्हे.

नातेवाइकांनी रिपोर्टसोबत पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) लॅबकडून मागून घ्यावा. तो वर्षानुवर्षे टिकतो, त्यावर चाचणी पुन्हा करता येते. सलाइनमध्ये सडलेल्या गाठीचा ब्लॉक मात्र कितीदा तपासला तरी उपयोग नाही.

– एक पॅथॉलॉजिस्ट, परभणी