आईच्या शिंका आणि बाबांचं पॅकेज

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही आईच्या रक्ततपासणीच्या त्या पॅकेजचं सांगितलं तेव्हा मी लॅबमध्ये होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

एकदा रक्त दिलं की शंभर गोष्टींची अ‍ॅलर्जी तपासतात, हे खरं आहे. पण आईला शंभर गोष्टी कुठं सोसत नाहीत? तिला सोसत नाही ते अंथरूण. पहाटे उठली की शिंकांवर शिंका, नाक गळतं, डोळे चोळत बसते. परड्यात गेली की तासाभरात बरी. मावशीला निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीनं शिंका यायच्या, ते नुसतं झोंबणं होतं. आईचं तसं वाटत नाही.

घरच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, जेमतेम पाव मिलिमीटरचे. आपल्या अंगाची झडलेली कातडी हे त्यांचं खाणं. पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून घेतात. म्हणजे खानापूरचा पाऊस त्यांच्या सोयीचाच की! ते चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेनं. धुळीच्या अ‍ॅलर्जीमागं हे किडे असतात, हे १९६० च्या दशकात हॉलंडच्या संशोधकांनी दाखवून दिलं.

या किड्यांविरुद्ध शरीर आयजीई नावाची प्रथिनं तयार करतं, ती आम्ही रक्तात मोजतो. साधारण ०.३५ च्या वर आकडा गेला की पॉझिटिव्ह लिहितात. पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीरानं ओळख ठेवली आहे, एवढंच. त्रास होतोच असं नाही, आणि आकडा मोठा म्हणून त्रासही मोठा, असंही नाही. शंभर नावं तपासली की कुणाकुणापुढं खूण येणारच. मग तुम्ही आईचे शेंगदाणे बंद करणार, दही बंद करणार, आणि शिंका आहेत तिथंच! पॅकेज स्वस्त पडतं म्हणता, पण नको ते तपासून स्वस्त कसलं?

तेव्हा आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना गरज वाटली तर धुळीतले किडे, झुरळ, बुरशी आणि आपली मनी, म्हणजे मांजर, एवढंच लिहून घ्या. मनी वाकळेवरच झोपते ना अजून? नुसतं एकूण आयजीई, म्हणजे सगळ्याचं मिळून एकच आकडा, तेवढंच करून थांबू नका, ते पोटात जंत असले तरी वाढतं. उपाशी जायला नको. आई घेते ती शिंकांची गोळीही या रक्ताच्या तपासणीसाठी बंद करायला नको. हातावर टोचून करतात त्या तपासणीआधी मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस थांबवावी लागते.

आणि आई, रात्री छातीत शिट्टी वाजते, धाप लागते असं काही असेल तर रिपोर्टची वाट बघू नकोस. ते लपवायची तुझी सवय मला ठाऊक आहे. तेवढं सरळ बाबांना सांग.

रिपोर्ट काहीही येवो, उशीची खोळ, चादर कढत पाण्यात धुवा, साठ अंशांना किडे मरतात. नुसतं उन्हात टाकून भागत नाही, कारण मेलेल्यांची घाण कापडात तशीच राहते. धुतली तरच जाते. आजीची जाड वाकळ धुणं पावसाळ्यात जमायचं नाही, ती माळ्यावर ठेवा. फेकू नका, बाबा, तुमच्या डोक्यात तेच असणार. जमीन ओल्या फडक्यानं पुसा. गादी झटकायचं काम तुमचं, नाकाला पंचा बांधून, आणि आई तेव्हा परड्यात.

रिपोर्ट आला की सगळ्या पानांचे फोटो पाठवा, नुसतं ठळक छापलेलं पान नको. डॉक्टरांची चिठ्ठीही हवी.

तुमची,
सुमी