चाराचे पाच

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस झाले, तुझा फोन नाही आणि मीही केला नाही. बाबा मधल्या मध्ये दोघींचे निरोप पोचवतायत. त्या दिवशी मी बोलता बोलता गप्प झाले आणि फोन ठेवला, ते मी बरं केलं नाही. एवढ्या हौसेने तू पहिल्या व्हॅल्युएशनची, म्हणजे कंपनीची किंमत काढल्याची, फाइल पाठवलीस, "आई, उघडून बघ ना" म्हणालीस, आणि माझ्याकडून कौतुकाचा एक शब्द निघाला नाही. त्याबद्दल आधी माफ कर. मी रागावले नव्हते. तुला तसंच वाटलं असणार.

फाइल मी सगळी पाहिली. दोनदा पाहिली. हातानं भरलेले आकडे निळे, सूत्रं काळी, प्रत्येक पानावर वर एकक लिहिलेलं, ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंचा फरक खाली शून्य दाखवणारी ती एक ओळ. ती ओळ बघून मला भरून आलं. हिशेब करणाऱ्या माणसाला त्या शून्याचं काय असतं ते मला ठाऊक आहे. चांगली नोकरी सोडून तू एमबीएला गेलीस, त्यात फायनान्स घेतलंस, तेव्हा आत्या काय काय बोलली ते तुला आठवत असेल. तिला ही फाइल दाखवावी असं मनात आलं होतं.

मग त्या एका निळ्या आकड्यावर येऊन मी थांबले. आणि फोनवर तू हसत सांगितलेलं वाक्य परत ऐकू आलं: "आमचं उत्तर कमी येत होतं गं, ग्रोथ चाराची पाच केली आणि डील बसलं."

वहीच्या मागच्या पानावर मी सोपं करून मांडून पाहिलं. पुढच्या वर्षी हातात येणारे १००, डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर, १० टक्के, त्यापुढे कायमची वाढ ४ टक्के. दहातून चार गेले सहा, १०० भागिले सहा टक्के, १,६६७. वाढ ५ धरली की भागिले पाच टक्के, २,०००. एक टक्का हलला आणि किंमत वीस टक्क्यांनी वर गेली. पाच वर्षांचे आकडे तुम्ही चौघांनी रात्र रात्र जागून बसवलेत, प्रत्येकाला आधार दिलाय, आणि किमतीचा मोठा हिस्सा तक्त्यातल्या त्या शेवटच्या एका घरातून येतोय. त्या घराला आधार काय, तर उत्तर हवं होतं. कंपनी विकत घ्यावी असं तुमच्या गटाने आधीच ठरवलं होतं.

कायमची वाढ म्हणजे खरंच कायमची असते, हे तुला मी सांगायला नको. सगळ्या अर्थव्यवस्थेपेक्षा एखादी कंपनी कायम जास्त वेगाने वाढत राहिली, तर एक दिवस ती अर्थव्यवस्थेहून मोठी होईल. हे तूच मला पहिल्या महिन्यात समजावलं होतंस. म्हणून मला कळेना, की ज्या मुलीला हे कळतं तिचा हात पाच टाइप करताना अडला कसा नाही.

बघ, सुरू झालं माझं. या पत्रात हे पुन्हा उगाळायचं नाही असं ठरवून बसले होते.

"आई, तुझा हिशेब वेगळा, यात चूक-बरोबर नसतं, ॲझम्प्शन असतं," असं तू म्हणालीस. अगदी खरं आहे. मी सव्वीस वर्षं जे लिहीत होते ते घडून गेलेलं असायचं. प्रत्येक आकड्यामागे व्हाउचर असायचं, कुणाला शंका आली तर फाइल काढायची, पान दाखवायचं. तू लिहितेस ते अजून घडायचंय. पुढच्या दहा वर्षांचं व्हाउचर कुठून आणणार? पण मला झोप लागत नाही ती त्याचमुळे. माझा आकडा वाकला तर पकडणारा कागद तरी होता. तुझा वाकला तर तो वाकलाय हे जगात फक्त तुलाच माहीत असणार.

चुकण्याची मला भीती नाही, हे नीट समजून घे. तू मागे लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकेतल्या गुंतवणूक फंडाची गोष्ट सांगितली होतीस. ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत काढण्याच्या कामासाठी मर्टन आणि शोल्स या अर्थशास्त्रज्ञांना १९९७ साली नोबेल मिळालं, दोघेही त्या फंडात भागीदार, आणि पुढच्याच वर्षी रशियाने कर्ज फेडणं थांबवल्यावर बाजार असा फिरला की फंड वाचवायला चौदा वित्तसंस्थांना मिळून ३.६ अब्ज डॉलर घालावे लागले. इतकी हुशार माणसं चुकली. स्वतःच्या एका डॉलरमागे पंचवीसहून जास्त उसने घेऊन चुकली, म्हणून एवढी महागात पडली. पण त्यांचा आपल्या आकड्यांवर विश्वास होता. तू तशी चुकलीस तर मी तुझ्या बाजूला उभी राहीन, कोण काय म्हणतं ते बघणार नाही. तुझा त्या पाचावर विश्वास नव्हता, ताई.

आता एक सांगते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तू तिसरीत असताना मी नोकरी सोडली. आईची पाठ दुखते म्हणून आई घरी असते, असं तुला सांगितलं होतं. तू शाळेतून आलीस की मी दारात दिसायचे याचा तुला केवढा आनंद. माझी पाठ दुखत नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षअखेरीला आमच्या कंपनीला बँकेकडून कर्जाची मर्यादा वाढवून हवी होती. साहेबांनी मला बोलावून अकरा बिलं हातात दिली आणि म्हणाले, ही पुढच्या वर्षात घेऊ. माल आलेला होता, तो गोदामात मोजून साठ्यात धरलेलाही होता. बिलं तेवढी चढवायची नाहीत. म्हणजे साठा दिसणार, खरेदी दिसणार नाही, देणं दिसणार नाही, आणि नफा आपोआप फुगणार. मी काही बोलले नाही. घरी दादाचं ते वर्ष चालू होतं, पगाराची गरज होती. बिलांना टाचणी लावली आणि माझ्या टेबलाच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये पंचिंग मशीनखाली ठेवली. किल्ली पर्समध्ये टाकली.

त्यात एक बिल खोकी पुरवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं होतं. आठवड्याने ते पैसे मागायला आले. बिल पुस्तकातच नाही तर पैसे कुठून निघणार? मी म्हटलं, तुमचं बिल अजून आलं नाही. त्यांनी पिशवीतून बिलबुक काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि कार्बनची प्रत माझ्यासमोर धरली. त्यावर आमच्याच गेटचा शिक्का होता, तारखेसकट. मी म्हटलं, गेटवर आलं असेल, माझ्यापर्यंत आलेलं नाही. बोलताना तो ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. ते म्हणाले, "बरं बाई, तुम्ही म्हणताय तर नसेल आलं." आणि प्रत नीट घडी करून परत ठेवली.

माझ्यावर विश्वास ठेवून गेले ते. मला आजही त्यांचं ते 'बरं बाई' ऐकू येतं.

नव्या वर्षात बिलं चढवली, त्यांचे पैसे तीन महिने उशिरा गेले. कुठे काही बोभाटा झाला नाही. पण आदल्या वर्षीचा खर्च नव्या वर्षात येऊन बसला होता, त्यामुळे नफा तेवढाच दिसायला पुढच्या वर्षअखेरीला जास्त बिलं दडवायला लागणार होती. साहेबांनी गठ्ठा दिला, मी मोजला, चौतीस. तो तसाच त्यांच्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तीन ओळींचा राजीनामा दिला. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. मला फक्त तो ड्रॉवर परत उघडायचा नव्हता.

नोकरी सोडल्यावर मी वर्ल्डकॉम या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीबद्दल मिळेल ते वाचत गेले. तुमच्या अभ्यासात ती केस येईलच. दुसऱ्या कंपन्यांच्या टेलिफोन लाइन वापरण्याचं भाडं म्हणजे सरळ रोजचा खर्च, तो त्यांनी मालमत्ता म्हणून ताळेबंदात टाकला. जून २००२ मध्ये कंपनीने ३.८ अब्ज डॉलरचा घोळ कबूल केला, पुढे तो आकडा ११ अब्जांच्या घरात गेला. सिंथिया कूपर या अंतर्गत लेखापरीक्षक आणि त्यांचे सहकारी, यांनी रात्री थांबून, कुणाला कळू न देता त्या नोंदी शोधून काढल्या. सगळे त्यांचं नाव घेतात, घ्यायलाच हवं. मुख्य अधिकाऱ्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली तेही सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मनात मात्र तिथल्या हिशेब विभागातली एक मधल्या फळीतली बाई राहिली आहे. वरून सांगितलं म्हणून तिने त्या नोंदी केल्या. पहिल्या वेळी तिला पटलं नव्हतं, राजीनाम्याचं पत्रही लिहून झालं होतं, पण एवढ्या एकाच तिमाहीपुरतं आहे असं सांगितल्यावर ती थांबली. मग पुढची तिमाही आली. तिला पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. लोक ते वाचून पान उलटतात. मला पान उलटता येत नाही.

तू म्हणशील, असाइनमेंट होती आई, कुणाचे पैसे बुडाले? कुणाचेच नाही, कबूल. आणि तू वाईट वागलीस असं मला म्हणायचं नाही. दोन वर्षांत तू खऱ्या कंपनीचा खरा सौदा मांडत बसशील, रात्रीचे दोन वाजलेले असतील, वरिष्ठ म्हणेल उत्तर जरा वर यायला हवं, आणि बोटांना रस्ता आधीच माहीत असेल. कर्जाचा विषय काढणार नव्हते, पण काढते. डोक्यावर शिक्षणकर्ज असलं की 'नाही' म्हणणं जड जातं. मला पगारामुळे जड गेलं होतं. म्हणून बाबांनी आणि मी ठरवलंय की हप्त्यातला निम्मा भार आमचा. यावर वाद घालू नकोस. हिरव्या फाइलमध्ये जे आहे ते त्यासाठीच आहे.

फार लिहिलं. भाषण झालं. तुला तिथे काय काय सोसावं लागतं याची मला कल्पना नाही, आणि मी लांबून शहाणपण शिकवतेय.

तुला आठवतं, सुट्टीत तू माझ्या ऑफिसात यायचीस? पंचिंग मशीनमधून पडलेल्या कागदाच्या टिकल्या मुठीत गोळा करायचीस आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसून बेरजा करायचीस, ओठ हलवत. एकदा माझा मेळ बसत नव्हता, २७ चा फरक येत होता. मी तुला सांगितलं, फरकाला नऊने भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत बघ. तू बोट ठेवत ठेवत सगळं पान उतरलीस आणि ओरडलीस, "आई, ६३ च्या जागी ३६!" आख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. घरी येईपर्यंत तू जो भेटेल त्याला सांगत होतीस. आकडा सापडल्याचा तो आनंद तुझ्या चेहऱ्यावर मी पाहिलाय, म्हणून तुझ्याशी इतकं भांडते.

बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो तो आकडा, काढताना कुठला काळ धरायचा यावर तू गटात वाद घातलास असं म्हणाली होतीस, तो वाद मला फार आवडला. तसंच वाढीच्या दरावर का घातला नाहीस, एवढंच विचारायचं होतं. चौघांत एकटी पडशील म्हणून? मी एकटीच होते, म्हणून विचारते.

तुझ्या फाइलची मी एक प्रत केली आहे, मूळ फाइलला हात लावलेला नाही. त्यात शेवटच्या पानावर एक छोटा तक्ता घातलाय. आडवे वाढीचे दर, ३, साडेतीन, ४, साडेचार, ५. उभे डिस्काउंट रेट, ९ ते ११. पंचवीस किमती एका नजरेत दिसतात. मागितलेली किंमत कुठल्या घरांत परवडते आणि कुठल्या घरांत नाही, तेही रंगवून ठेवलंय. सूत्र जमवायला मला दोन संध्याकाळी लागल्या, तू हसू नकोस. सादरीकरण शुक्रवारी आहे ना? दाखवायचं की नाही ते तुम्ही चौघं ठरवा. पण आधी एकदा तपासून बघ, डावीकडून दुसऱ्या रकान्यात माझं काहीतरी चुकलंय असं वाटतं.

झोपत जा. आणि फोन कर. मी केला तर पुन्हा हेच बोलेन.

तुझी,
आई

ता. क. ड्रॉवरचं बाबांनाही माहीत नव्हतं. काल रात्री सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, त्या खोकीवाल्यांना नंतर कधी भेटलीस का? नाही भेटले.