गवताळ वाढ: नमुना आणि जनुकं

ती. बाबा व ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, उसावरचा गवताळ वाढीचा रोग डोळ्यांना दिसत असताना जनुकं कशाला तपासायची, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण केवडा, म्हणजे पानं पिवळी पडणं, फसवतो. लोह कमी पडलं की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, आणि हिराकस फवारल्यावर पान सुधारतं. गवताळ वाढीत बेटातून बारीक, पांढुरके फुटवे दाटीनं येतात. त्यांच्यावर हिराकसाचा उपयोग शून्य.

कारण आहे फायटोप्लाझ्मा. हा पेशीभित्ती नसलेला जिवाणू उसाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि बेण्यातून व तुडतुड्यांमार्फत पसरतो. बुरशीसारखा बशीत वाढवून बघता येत नाही, म्हणून जनुकांवरूनच ओळखायचा.

आधी १६एस या, सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची चाचणी, दोन फेऱ्यांत करतात: पहिल्या फेरीत सुमारे १८०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा, दुसरीत सुमारे १२५०. त्यावरून गट कळतो. उसाचा हा रोग अकराव्या गटातला, भाताच्या पिवळ्या खुजेपणाचा भाऊबंद. पण १६एस फार सावकाश बदलतं. शिवाय त्याच्या दोन प्रती असतात. त्या जुळल्या नाहीत की अक्षरांचा क्रम सरमिसळ येतो. म्हणून पुढे सेक-वाय हे जनुक बघतात. जिवाणूच्या पेशीपटलातून प्रथिनं बाहेर सोडणाऱ्या दाराचं हे जनुक; प्रत एकच आणि बदल जास्त, त्यामुळे जवळचे प्रकारही वेगळे काढता येतात. पटलावरच्या प्रतिजन प्रथिनांची जनुकं तर आणखी वेगानं बदलतात, कारण ती प्रथिनं थेट कीटकाच्या आणि झाडाच्या पेशींना भिडतात. अडचणही तिथेच: एका गटाचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) दुसऱ्या गटाला चिकटत नाहीत. नुसत्या त्या चाचणीत ‘नाही’ आलं म्हणून ऊस निरोगी समजू नका. उसातल्या जिवाणूला ‘फायटोप्लाझ्मा सॅकॅरी’ हे नाव २०२१ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी दिलं.

बहुतेक चाचण्या नमुन्यातच बिघडतात. वाळलेली पानं नकोत. रोगट फुटव्याची कोवळी पानं मधल्या शिरेसकट घ्या, कारण जिवाणू शिरेतच असतो. त्याचा वावर सगळीकडे सारखा नसतो, म्हणून एका बेटातल्या तीन-चार फुटव्यांची घ्या. सोबत निरोगी बेटाची पानं वेगळ्या पाकिटात द्या. ओली पानं प्लास्टिकमध्ये कोंडली की सडतात. कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा. उसातली फिनॉलं (रसातली रसायनं) पीसीआर अडवतात, तेव्हा ‘नाही’ असा निकाल आला तर डीएनए दहा पट पातळ करून पुन्हा लावायला सांगा. उलट दोन फेऱ्यांच्या चाचणीत दूषितपणा चटकन शिरतो. पानाऐवजी नुसतं पाणी घातलेल्या तुलनेच्या नळीतही डीएनएचा पट्टा दिसला तर तो निकाल धरू नका.

निकाल येईपर्यंत थांबू नका. रोगट बेटं मुळासकट उपटा आणि त्या प्लॉटचं बेणं कुणाला देऊ नका. खोडव्यात रोग वाढतो, तेव्हा रोगट बेटं जास्त असतील तर खोडवा ठेवूच नका. पुढच्या लागणीला ५४ अंशांवर अडीच तास उष्ण बाष्प प्रक्रिया केलेलंच मूळ बेणं आणा. तापमान जास्त झालं तर डोळे मरतात, कमी पडलं तर जिवाणू वाचतो, म्हणून घेताना प्रक्रियेची नोंद मागा.

तुमची,
लेक